लहान पेटी, खोल बास: आठ इंची वूफरसाठी मी काय करेन

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर कशाचं आहे ते स्पष्ट राहील. गोव्यात डिचोलीला तुमचं चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) जुनं घर आहे. बसायची खोली साधारण ४ मीटर बाय ५ मीटर, वर कौलं. शोकेसच्या खालच्या कप्प्यात मावेल, म्हणजे कुठल्याही बाजूने ३२ सेंटिमीटरच्या वर जाणार नाही, असा सबवूफर (फक्त खालचे स्वर वाजवणारा स्पीकर) तुम्हाला करून घ्यायचा आहे. आठ इंची वूफर आणून ठेवलाय आणि त्याच्या कागदावरचे आकडेही तुम्ही दिलेत (त्यांचे अर्थ पुढे सांगतो): एफएस ३० हर्ट्झ, क्यूटीएस ०.४०, क्यूईएस ०.४५, व्हीएएस ४० लिटर, कोनाची, म्हणजे वूफरच्या हलणाऱ्या शंकूसारख्या पडद्याची, धाव एका बाजूला ८ मिलिमीटर. ऐकायचं काय, तर चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) घुमट-आरत्यांची, म्हणजे कातडं मढवलेल्या मडक्यावर म्हटलेल्या आरत्यांची, तुमच्याच वाड्यावरची रेकॉर्डिंग, भजनं, नाट्यगीतं आणि मुलांचे सिनेमे. मेस्त (सुतार) विचारतोय की पुढे हवेसाठी उघडी नळी, म्हणजे पोर्ट, ठेवायची की नाही, आणि एमडीएफ (लाकडाच्या तंतूंची दाबून केलेली फळी) घ्यायचा की प्लाय.

सरळ सांगतो. १५ लिटरची पूर्ण बंद पेटी करा. नळी नको. १८ मिलिमीटरचा मरीन प्लाय घ्या. १०० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर पुरे, पण त्यात डीएसपी (आवाजावर डिजिटल प्रक्रिया करणारी चिप) असू द्या. आणि ती पेटी शोकेसमध्ये ठेवू नका. गेली बरीच वर्षं मी फोंड्यात स्पीकरच्या पेट्या बांधतोय, देवळातल्या भजनासाठी, नाटकांसाठी आणि अलीकडे जास्त करून घरांसाठी. त्या अनुभवावरून आणि तुमच्याच वूफरच्या आकड्यांवरून हे सांगतोय.

पेटी लहान, बास खोल आणि कमी वॅटमध्ये आवाज मोठा, या तीन गोष्टी एकत्र मिळत नाहीत. दोन घ्या, तिसरी सोडा. केएलएच या अमेरिकन कंपनीच्या नावातला 'एच' म्हणजे अँटन हॉफमन. या क्षेत्रात हा नियम त्यांच्याच नावाने ओळखला जातो. गणित असं की वूफरची कार्यक्षमता पेटीच्या आकारमानाच्या प्रमाणात वाढते, आणि किती खाली जायचं त्या कंपनसंख्येच्या घनाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे पेटी निम्मी केली आणि बासची खोली तीच हवी असेल, तर त्याच आवाजाला वॅट दुप्पट. पेटी तीच ठेवून एक सप्तक खाली उतरायचं म्हटलं, तर कार्यक्षमता आठपट घटते. दुकानात टिफिनच्या डब्याएवढा सबवूफर दाखवून कोणी '२० हर्ट्झपर्यंत' असं सांगत असेल, तर किती डेसिबलला ते विचारा.

तुमच्या वूफरची मूळ कार्यक्षमता मी आकड्यांवरून काढली, ती सुमारे ०.२३ टक्के येते. १०० वॅट आत गेले तर पाव वॅटहूनही कमी आवाज बाहेर येतो, बाकी सगळी कोन हलवणाऱ्या तारेच्या वेटोळ्यात, म्हणजे व्हॉइस कॉईलमध्ये, उष्णता. घरगुती वूफरमध्ये हे काही वाईट नाही. पण जिथे शंभर वॅटमधला पाव वॅटच हाती लागतो, तिथे तो वाया जाऊ नये म्हणून पेटी नीट बांधावी लागते.

आता खोल म्हणजे किती खोल, हे आधी ठरवू, कारण बहुतेक लोक इथेच विनाकारण पैसे घालवतात. काळी एकला लावलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास बोलते. बास गिटारची सगळ्यांत जाड तार ४१ हर्ट्झ. पियानोची अगदी डावीकडची पट्टी २७.५. म्हणजे भजन आणि नाट्यगीतासाठी ५० हर्ट्झपर्यंत स्वच्छ उतरणारी पेटी भरपूर झाली, आणि ४० गाठली तर जवळजवळ सगळं संगीत त्यात आलं. त्याच्या खाली उरतात ते सिनेमातले स्फोट आणि गडगडाट. तुमच्या यादीत सिनेमे शेवटी आहेत, म्हणून मी ३८ ते ४० हर्ट्झचं लक्ष्य धरतो आणि सगळा जोर स्वच्छपणावर देतो.

स्वच्छपणावर जोर देण्याचं कारण आपल्या कानात आहे. ४० हर्ट्झचा शुद्ध स्वर नुसता ऐकू यायलाच सुमारे ५० डेसिबल लागतात, तर १२५ हर्ट्झला २२ डेसिबल पुरतात. आता वूफर ४० हर्ट्झ वाजवताना ताणला गेला आणि त्याने सोबत तिप्पट कंपनसंख्येचा, म्हणजे १२० हर्ट्झचा थोडासा स्वर मिसळला, तर कान त्या भेसळीलाच आधी पकडतो. लोकांना तो बास 'जोरदार' वाटतो, पण प्रत्यक्षात मूळ स्वर दबलेला आणि भेसळ वर आलेली असते. त्यामुळेच स्वस्त पेटीत पखवाज, ढोल आणि बास गिटार सगळे एकाच सुरात बुम बुम करतात.

आता नळीकडे येऊ. नळीचं काम समजून घ्यायला तुम्हाला घराबाहेर जायला नको, घुमट हातात घ्या. मडक्याचं मोठं तोंड कातड्याने मढवलेलं आणि दुसरं लहान तोंड उघडं. वाजवणारा उजव्या हाताने थाप देतो आणि डाव्या तळव्याने ते लहान तोंड झाकतो, उघडतो, तसा आवाज खाली-वर होतो. आतली हवा म्हणजे स्प्रिंग आणि तोंडाशी असलेली हवा म्हणजे त्या स्प्रिंगला टांगलेलं वजन. पोर्टवाली पेटी म्हणजे हेच. कोन मागच्या बाजूने हवा दाबतो, आणि ठरावीक कंपनसंख्येला नळीतली हवा कोनाच्या बरोबरीने झुलू लागते. त्या जागी कोन जवळजवळ स्थिर राहतो आणि आवाज नळी देते. म्हणून पोर्ट ३८ ते ५० हर्ट्झच्या पट्ट्यात बंद पेटीपेक्षा जास्त आवाज देईल, हे खरंच आहे. मोठ्या मंडपासाठी मी स्वतः पोर्टच्याच पेट्या करतो.

पण १५ लिटरमध्ये काय होतं ते पाहा. ३८ हर्ट्झला सूर लावायचा तर आतून ५ सेंटिमीटर व्यासाची नळी साडेतेवीस सेंटिमीटर लांब हवी. कशीबशी बसेल. पण कोन पूर्ण धाव घेताना जेवढी हवा सरकवतो, तेवढी हवा त्या नळीतून ३८ हर्ट्झला जायची म्हटली तर तिचा वेग सेकंदाला २१ मीटरपर्यंत जातो. साधारण १७ मीटरच्या वर गेलं की नळीच्या तोंडाशी हवा फाटते आणि 'फुस्स, फुस्स' असा आवाज प्रत्येक थापेबरोबर ऐकू येतो. उपाय काय, तर नळी रुंद करा. साडेसात सेंटिमीटरची घेतली की वेग ९ मीटरवर येतो, छान. पण तिची लांबी आता ५५ सेंटिमीटरच्या पुढे जाते, आणि नळी एकटीच अडीच लिटर जागा खाते. ३२ सेंटिमीटरच्या पेटीत ती कोपरे देऊन फिरवावी लागेल. लहान पेटीत पोर्टची अडचण होते ती इथे: शांत नळी मावत नाही आणि मावणारी नळी शांत राहत नाही.

दुसरं, सूर लावलेल्या कंपनसंख्येच्या खाली गेलं की पोर्टची पेटी कोनाला सोडून देते. आतली हवा नळीतून नुसती आत-बाहेर करते, स्प्रिंगचं काम करत नाही, आणि कोन मोकाट धावतो. रेकॉर्डिंगमध्ये माइकवर वारा आला, कोणी माइकच्या काठीला पाय लावला, तर तो १५-२० हर्ट्झचा धक्का वूफरला हद्दीपलीकडे फेकू शकतो. अंगणात, मांडवात केलेल्या आरत्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये असे धक्के हमखास असतात.

आणि तिसरं कारण पुस्तकात सापडणार नाही. फोंड्याजवळच्या एका वाड्यावरच्या भजनी मंडळाला मी पोर्टची पेटी करून दिली होती. पावसाळाभर ती देवळाच्या खोलीत पडून होती. चवथीच्या आठवडाभर आधी निरोप आला की बास गेला. जाऊन पाहिलं तर नळीत कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं, तोंड निम्म्याहून जास्त बंद. त्याच्या मागे पालीची दोन अंडी. नळीचा व्यास बदलला म्हणजे सूर बदलला, त्यामुळे पेटी भलत्याच कंपनसंख्येला झुलत होती आणि वूफर खालच्या पट्टीत उघडा पडला होता. मी ते सगळं खरवडून काढलं आणि तोंडावर पातळ जाळी बसवली. तेव्हापासून गावातल्या घरासाठी कोणी पोर्ट मागितला तर जाळीशिवाय देत नाही. बंद पेटीला हा प्रश्नच नाही.

(नळीऐवजी वजन लावलेला, कॉईल नसलेला कोन बसवतात, त्याला पॅसिव्ह रेडिएटर म्हणतात. त्यात फुसफुस नाही आणि माशीही नाही. पण त्याने मुख्य वूफरच्या साधारण दुप्पट हवा सरकवायला हवी, म्हणजे दहा इंची चकती किंवा दोन आठ इंची. तुमच्या मापात ते बसवणं खटपटीचं आहे, म्हणून मी बाजूला ठेवतो.)

बंद पेटीची कल्पना जुनी आणि सुंदर आहे. १९५४ मध्ये एडगर विल्चर यांनी अमेरिकेत एआर-१ हा स्पीकर आणला. त्यांनी कोनाचं लटकणं मुद्दाम सैल ठेवलं आणि पेटीत कोंडलेली हवाच त्याची मुख्य स्प्रिंग केली. हवेची स्प्रिंग कापडाच्या आणि कागदाच्या स्प्रिंगपेक्षा जास्त सरळ वागते, म्हणून भेसळ कमी. नंतर १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील यांनी पोर्टच्या पेटीचं गणित मांडलं आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला सिडनीत रिचर्ड स्मॉल यांनी बंद पेटीसह ते सगळं पूर्ण केलं. तुमच्या वूफरच्या कागदावरचे आकडे म्हणजे या दोघांची देणगी. एफएस म्हणजे उघड्यावर कोन ज्या कंपनसंख्येला आपोआप झुलतो ती. व्हीएएस म्हणजे कोनाच्या लटकण्याइतकीच लवचिक असलेली हवा. क्यूटीएस म्हणजे चुंबकाचा आणि घर्षणाचा मिळून कोनावर असलेला लगाम, आकडा लहान तितका लगाम घट्ट. क्यूईएस म्हणजे त्यातला फक्त चुंबकाचा लगाम.

व्हीएएसला पेटीच्या लिटरने भागा, त्यात १ मिळवा, वर्गमूळ काढा. ४० भागिले १५, अधिक १, वर्गमूळ १.९१. या आकड्याने एफएसला गुणलं की पेटीत बसल्यावरची कंपनसंख्या मिळते: ५७ हर्ट्झ. क्यूटीएसला गुणलं की पेटीसह लगाम मिळतो: ०.७७. तो ०.७ च्या आसपास असला की आवाज सपाट आणि आटोपशीर राहतो. १ च्या वर गेला की थाप संपल्यावरही पेटी घुमत राहते. तुमची पेटी १० लिटरची केली असती तर तो ०.८९ झाला असता, म्हणून १५ च्या खाली जाऊ नका म्हणतोय. आत तकियातला पॉलिस्टरचा पिंजलेला फायबर सैलसा भरला, साधारण २०० ग्रॅम, तर आतली हवा दाबताना कमी तापते आणि पेटी १५ टक्क्यांनी मोठी असल्यासारखी वागते. मग कंपनसंख्या ५५ वर आणि लगाम ०.७३ वर येतो. कापूस मात्र भरू नका. आपल्या हवेत त्याला बुरशी येते.

नुसती अशी पेटी वाजवली तर ५३ हर्ट्झला ३ डेसिबल, ४० ला साडेसहा-सात आणि ३० ला ११ डेसिबल उतार पडतो. बंद पेटीचा उतार सावकाश असतो, सप्तकाला १२ डेसिबल. पोर्टच्या पेटीचा सप्तकाला २४, म्हणजे खाली कडा कोसळल्यासारखा. सावकाश उतार इलेक्ट्रॉनिक्सने भरून काढता येतो. त्यासाठीच्या एका पद्धतीला सिगफ्रिड लिंकविट्झ यांच्या नावाने लिंकविट्झ ट्रान्सफॉर्म म्हणतात. पेटीची मूळ कंपनसंख्या आणि लगाम घालायचे, हवे असलेले घालायचे, बाकी काम डीएसपी करतो. ५७ आणि ०.७७ घाला (फायबर भरला असेल तर ५५ आणि ०.७३), बदल्यात ३८ आणि ०.७ मागा. सगळ्यांत खालच्या टोकाला उठाव सुमारे ७ डेसिबल होतो, म्हणजे तिथे पाचपट वॅट. त्याच्या खाली २५ हर्ट्झला हाय-पास (त्याखालचं अडवणारा) फिल्टर लावा, म्हणजे माइकवरचे धक्के वूफरपर्यंत पोचणारच नाहीत.

मग ५०० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर लागेल का? नाही. इथे बरेच जण फसतात. तुमच्या कोनाचं क्षेत्रफळ साधारण २१५ चौरस सेंटिमीटर, धाव ८ मिलिमीटर, म्हणजे तो एका बाजूला जास्तीत जास्त १७२ घन सेंटिमीटर हवा सरकवतो. जमिनीवर ठेवून १ मीटरवर त्यातून ४० हर्ट्झला ९७ डेसिबल निघतात, ३० ला ९२ आणि २० ला फक्त ८५. ही कोनाची हद्द आहे, अ‍ॅम्प्लिफायर कितीही मोठा आणला तरी. आणि गंमत म्हणजे या पेटीत ४० ला काय किंवा ३० ला काय, ती हद्द गाठायला ६०-६५ वॅटच लागतात. त्याच्या वर दिलेला प्रत्येक वॅट खालच्या पट्टीत कॉईल तळाला आपटायच्या कामी येतो. म्हणून १०० वॅट घ्या, चांगल्या पॉवर सप्लायचे घ्या, आणि उरलेले पैसे लाकडावर घाला. घरात ९७ डेसिबल भरपूर होतात. पुढे कधी जास्त हवं वाटलं तर अशीच दुसरी पेटी करा, ६ डेसिबल मिळतील.

लाकडावर आता जरा थांबतो, कारण गोव्यात पेटी मरते ती इथे.

सुरुवातीच्या काळात मी एका घरासाठी एमडीएफची पेटी केली. कापायला लोण्यासारखा, कडा सुरेख, रंग आरशासारखा बसला. जूनमध्ये दिली. श्रावणात परत आली. तळाच्या कडेला एमडीएफ फुगून बिस्किटासारखा झाला होता, सांधा नखाएवढा उघडला होता आणि वाजवलं की तिथून शीळ यायची. रंग वरून लावला होता, पण वूफरसाठी कापलेल्या भोकाची आतली कड आणि पेटीचा तळ मी कोरडाच ठेवला होता, तिथून ओल शिरली. एमडीएफ आवाजाच्या दृष्टीने वाईट नाही, कोरड्या मुलखात जगभर वापरतात. पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतींनाही घाम येतो. मरीन प्लायवर आयएस ७१० असा शिक्का असतो, तो बघून घ्या. आयएस ३०३ म्हणजे साधारण वापराचा प्लाय, तो नको. फळी हातात घेऊन कड नीट पाहा, थरांमध्ये पोकळी दिसली तर ती फळी परत करा, कारण ती पोकळी पुढे खडखडते.

माप असं धरा: आतून २४ बाय २६ बाय साडेसत्तावीस सेंटिमीटर. हे १७ लिटरच्या थोडं वर जातं. वूफरची मागची बाजू आणि आतले आधार मिळून दोनेक लिटर जागा घेतात, उरतात १५. बाहेरून साधारण साडेसत्तावीस बाय साडेएकोणतीस बाय एकतीस, आणि पुढची फळी दुहेरी केल्यावर त्या दिशेला १८ मिलिमीटर जास्त. ती दुहेरी फळी चोवीसच्या दिशेला येईल असं बसवा, म्हणजे ३२ च्या आत राहाल. 'सुवर्ण प्रमाण' वगैरे कोणी सांगितलं तर सबवूफरसाठी मनावर घेऊ नका. ४० हर्ट्झची लाट साडेआठ मीटर लांब असते, ती २७ सेंटिमीटरच्या पेटीत घुमत नाही. आतली घुमण्याची पहिली जागा ६०० हर्ट्झच्या पुढे आहे, आणि तिथे ही पेटी बोलणारच नाही.

पेटीच्या भिंतींना मात्र हलकं समजू नका. कोन पूर्ण आत गेला की आतला दाब एवढा वाढतो की सगळ्यांत मोठ्या बाजूवर १० ते १२ किलोचा जोर येतो, आणि कोन बाहेर गेला की तेवढाच आत ओढला जातो. सेकंदाला ४० वेळा. तळहाताने पेटीवर वाजवून पाहा: रिकाम्या डब्यासारखी 'डब' वाजली तर ती गाण्याबरोबर गाणार. म्हणून मध्यभागी खिडकीसारखी चौकट बसवा. १८ मिलिमीटरचाच तुकडा, चारही भिंतींना चिकटलेला, आत हवा फिरायला मोठी भोकं पाडलेली. ती ठीक मध्यावर नको, बोटभर सरकवून, म्हणजे दोन्ही भाग एकाच सुरात थरथरत नाहीत.

सांधे जोडताना डिंक सढळ हाताने घाला, क्लॅम्प लावा आणि सांध्यातून डिंकाचे थेंब सगळ्या लांबीवर सारखे बाहेर आले का ते पाहा. जिथे थेंब आला नाही तिथे हवा जाणार. डिंक वाळल्यावर आतून सगळ्या कोपऱ्यांत बोटाने सीलंट फिरवा. इथे एक काळजी: ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो तो घेऊ नका. तो वाळताना आम्ल सोडतो आणि बंद पेटीत ते तांब्याच्या तारांना आणि जोडांना खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेला मागा, आणि तरीही दोन दिवस पेटी उघडी ठेवूनच वूफर बसवा. मग सगळ्या कडा, भोकांच्या आतल्या कडा, तळ आणि पेटीची आतली बाजू, सगळं सीलर किंवा पीयू पॉलिशचे दोन हात देऊन बंद करा. आतून रंगवायचं म्हटल्यावर मेस्त हसेल, त्याला हसू द्या.

वूफर लाकडाच्या स्क्रूने आवळू नका, टी-नट (लाकडात मागून रुतवायची नट) आणि बोल्ट वापरा. एकदा तरी वूफर काढावा लागतोच, आणि दुसऱ्या वेळी प्लायमध्ये स्क्रू धरत नाही. वूफर आणि फळी यांच्यामध्ये बंद पेशींच्या फोमची पट्टी. मागे तारेसाठी प्लास्टिकचा तयार कप बसवतात, तो बहुतेक वेळा गळतो. त्याऐवजी दोन पितळी बोल्ट आरपार घाला आणि सील करा. तुमच्या वूफरचा कडेचा गोल भाग रबरी आहे का तेही बघा. फोमचा असेल तर दमट हवेत काही वर्षांत तो भुसा होऊन गळतो, तेव्हा आताच बदलून घ्या.

पेटी तयार झाली की सावकाश आवाजात ४० हर्ट्झचा स्वर लावा आणि पेटवलेली उदबत्ती प्रत्येक सांध्यावरून, बोल्टवरून, वूफरच्या कडेवरून फिरवा. धूर सरळ वर जायला हवा. जिथे तो थरथरतो तिथे खडूने खूण करा. बंद पेटीची पकड हवेवर आहे, आणि सुईएवढ्या छिद्रातूनही ती सुटते.

आता जागा. शोकेसच्या कप्प्यात नको, कारण कप्पा म्हणजे पेटीभोवती आणखी एक पेटी, तीही काचा आणि स्टीलची भांडी भरलेली. शोकेसशेजारी जमिनीवर, कोपऱ्यात ठेवा. तुमच्या चिऱ्याच्या भिंती जाड आहेत, बास चांगला परत देतात. कौलांमधून मात्र तो बाहेर जातो. पर्वरीच्या फ्लॅटमध्ये काँक्रीटचा स्लॅब जेवढा बास आयता वाढवून देतो तेवढा तुमच्या घरात मिळणार नाही, म्हणून डीएसपीतला उठाव तुम्हाला खरोखर लागेल. फ्लॅटवाल्याने कदाचित निम्माच वापरावा.

५ मीटर लांबीच्या खोलीत ३४ हर्ट्झला आणि ४ मीटरच्या रुंदीत ४३ हर्ट्झला आवाज भिंतींशी साचतो आणि ठीक मधोमध नाहीसा होतो. तुमचा सोफा खोलीच्या मध्यावर असेल तर कितीही चांगली पेटी करा, बास तुम्हाला सापडणार नाही. तो हातभर मागे सरकवा. पेटीची नेमकी जागा शोधायची तर उलटं करा: पेटी सोफ्यावर ठेवा, बास असलेलं एखादं गाणं लावा आणि भिंतींच्या कडेने जमिनीजवळ कान नेत फिरा. जिथे प्रत्येक स्वर सारखा ऐकू येईल, एकच फुगणार नाही, तिथे पेटी ठेवा. ज्यांना मोजमापाची आवड आहे त्यांच्यासाठी रूम ईक्यू विझर्ड हे फुकट सॉफ्टवेअर आणि एक यूएसबी माइक पुरे. मी वर केलेली पेटीची आकडेमोड विनआयएसडी या फुकट सॉफ्टवेअरमध्येही करता येते, मेस्ताकडे जाण्यापूर्वी स्वतः करून बघा.

सबवूफरला ८० हर्ट्झच्या खालचंच द्या, त्याच्या वरचं मुख्य स्पीकरना द्या. मग ८० हर्ट्झचाच स्वर लावून सोफ्यावर बसा आणि कोणाला तरी अ‍ॅम्प्लिफायरचा फेजचा (आवाजाची लाट उलटी करणारा) स्विच फिरवायला सांगा. ज्या बाजूला आवाज मोठा येतो ती बाजू बरोबर.

शेवटी तुमच्या वाड्यावरचीच आरती लावा, शामेळ (काठ्यांनी वाजवायचं तालवाद्य) आणि कांसाळं (झांजा) जरा विसरून फक्त घुमटावर लक्ष द्या. डावा तळवा तोंडावर येतो तेव्हा आवाज आत ओढला जायला हवा, आणि तळवा उठतो तेव्हा तो मोकळा व्हायला हवा. दोन्ही थापा सारख्याच ऐकू आल्या तर डीएसपीतला उठाव दोन डेसिबलने कमी करा आणि पुन्हा ऐका. तरीही फरक पडला नाही, तर उदबत्ती पुन्हा पेटवा आणि सांधे तपासा.